हाताला बसेल ती लेन्स

“इतक्यात खाली नको घेऊस. तसाच धर,” अण्णा म्हणाला.

माझ्या हातात कॅमेरा होता आणि त्याच्या पुढे दुधी भोपळ्याएवढी लेन्स. पुण्यात बुधवार पेठेतल्या पहिल्या मजल्यावरच्या दुकानाच्या खिडकीतून मी समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवरचा एक चिमटा बघत होते. चिमटा इतका जवळ आला होता की त्याच्या स्प्रिंगवरचा गंजही दिसत होता. पण तो एका जागी राहीना. आधी नुसता हलला, मग चांगलाच नाचायला लागला. माझा डावा दंड भरून आला होता.

मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. “लेन्स तुला घ्यायची आहे ना? मग तू बघ की.”

“बघतो नंतर. तू सांग, कुठे दुखतंय? मनगटात की खांद्यात?”

खांद्यात, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि दुसरी लेन्स मागितली.

अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, नरसिंग येमूल. सोलापुरात साखर पेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर माझी फी भरण्यापासून लग्न जमवण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. ते लग्न टिकलं नाही. भिवंडीचं सासर सोडून मी माहेरी आले, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. दिवसा मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायची आणि संध्याकाळी स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो कापायची. कोणी विचारलं, सध्या काय करतेस, तर मला चटकन उत्तर सुचायचं नाही.

अण्णाने सोलापुरातली निम्मी लग्नं काढली असतील. पण त्याचा जीव होता माळावर. शहराबाहेरच्या गवताळ माळरानावर लांडगे, काळवीट, जमिनीवर पळणारे धाविक पक्षी असं बरंच काही असतं. लग्नाचा हंगाम संपला की तो तिकडे जायचा आणि लग्नातल्या लेन्सने जमतील ते फोटो काढून आणायचा. त्या फोटोंत बहुतेक गवतच असायचं. “हा इथे लांडगा आहे,” असं बोट ठेवून दाखवायला लागायचं.

त्या वर्षी त्याने अचानक स्टुडिओतले दोन मोठे दिवे आणि व्हिडिओ कॅमेरा विकला आणि त्या पैशात लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची असं जाहीर केलं. पद्मा वहिनी चांगलीच चिडली. ज्याच्यावर घर चालतं ते विकून लांडग्याचे फोटो काढायचे, हा कुठला शहाणपणा, असं ती मलाच विचारायची. मला तरी काय माहीत! अण्णाला विचारलं तर तो हसायचा आणि म्हणायचा, आता लग्नात कोण दिवे लावतं?

दुकान हकीमभाईंचं होतं. वापरलेले कॅमेरे आणि लेन्स घ्यायचे, साफ करायचे, विकायचे. अण्णाची त्यांची जुनी ओळख होती. त्याने आल्या आल्या आपली रक्कम सांगून टाकली आणि घासाघीस करणार नाही, पण वरही जाणार नाही, असं स्पष्ट केलं. मग हकीमभाईंनी मखमलीच्या कापडावर एकेक लेन्स मांडली.

पहिली नवी कोरी, हलकी, तीनशे मिलिमीटरपर्यंत जाणारी. अण्णाने ती दोन मिनिटांत बाजूला केली. झूम शेवटाला नेलं की चित्र मऊ, पुसट पडतं, म्हणाला. सकाळच्या कमी उजेडात तर फारच. दुसरी ती भोपळ्याएवढी, सहाशेपर्यंत जाणारी. जंगलात जाणारे सगळे हल्ली हीच घेतात, असं हकीमभाईंचं म्हणणं, आणि माझंही मत तेच झालं होतं. चिमट्याचा गंज दिसतो म्हणजे लांडग्याच्या मिश्याही दिसतील. तिसरी जुनी, लांबी ठरलेली, झूम न होणारी. चित्र इतकं स्वच्छ की काच मध्ये आहे असं वाटू नये. पण हात हलला तर सावरून घ्यायची सोय तिच्यात नव्हती.

चौथी चारशेपर्यंत जाणारी. बाहेरून खरचटलेली, पुढच्या कड्याचा रंग गेलेला. पण तिच्यात ती सावरून घ्यायची सोय होती आणि वजन दुसरीच्या जवळपास निम्मं होतं.

अण्णाने प्रत्येक लेन्स तपासली ती मात्र नेमाने. छोट्या टॉर्चचा उजेड आत टाकून काचेवर बुरशीचे धागे आहेत का बघितलं. आत काही सैल वाजतं का म्हणून लेन्स कानाजवळ धरून हलकेच हलवली. खाली तोंड करून झूम आपोआप घसरतं का बघितलं. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून, कॅमेरा टेबलावर ठेवून त्याचे फोटो काढले आणि कोपऱ्यातली अक्षरं वाचता येतात का ते मोठं करून बघितलं. पण कॅमेरा उचलून खिडकीबाहेर बघायची वेळ आली की तो माझ्याकडे द्यायचा. हे धर. ते धर. आता कबुतर उडालं की त्याच्या मागे फिरव. आता खाली बस आणि कोपर गुडघ्यावर टेक. मी कंटाळून गेले. हकीमभाईसुद्धा एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागले.

शेवटी त्याने ती खरचटलेली चौथी घेतली.

मला वाईटच वाटलं. इतक्या लांब येऊन, घरात भांडण ओढवून, आणि घ्यायची ती अशी? सहाशेचीही त्याच रकमेत बसत होती. मी तसं बोललेही. अण्णा म्हणाला, आपला कॅमेरा लहान सेन्सरचा आहे, चारशेची सहाशेसारखीच दिसेल. मी म्हटलं, मग सहाशेची नऊशेसारखी दिसेल.  परतीच्या गाडीत त्याने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि भिगवण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

नंतरचे रविवार आम्ही माळावर गेलो. बिरू वाघमोडे नावाचा एक मेंढपाळ अण्णाच्या ओळखीचा होता. त्याने ओढ्याच्या काठावर साळिंदराच्या जुन्या बिळाशी लांडगीण ये-जा करताना पाहिली होती आणि ही गोष्ट फक्त अण्णाला सांगितली होती. स्कूटर मी चालवायची. आपल्या मोटरसायकलचा क्लच बिघडलाय, असं अण्णा म्हणायचा, आणि तो दुरुस्त काही होत नव्हता. थंडीचे दिवस होते. गवत वाळून पिवळं पडलेलं, वर दव. आम्ही शेताच्या बांधासारख्या एका दगडी ताली­मागे बसायचो. मला बसायला लागलं की आधी कंटाळा यायचा, मग पाय झोपायचे, आणि मग कधीतरी दोन्ही विसरून मी नुसती बघत राहायची. भिवंडी सोडल्यापासून मला असं गप्प बसता आलं नव्हतं. घरात गप्प बसलं की लोक काय झालं म्हणून विचारतात.

पहिल्या खेपांना काही दिसलं नाही. आणि एका रविवारी ऊन नुकतं गवताच्या टोकांना लागलेलं असताना ती आली. ओढ्याच्या पलीकडून, मान खाली घालून, एका सरळ रेषेत चालत. रंग गवताचाच. हलली नसती तर दिसली नसती. बिळाशी येऊन ती थांबली आणि आतून एकामागून एक पिल्लं बाहेर आली. काळपट, मोठ्या डोक्यांची, तोल न सांभाळता येणारी. एक तर आईच्या पायावरच पडलं.

अण्णाने कॅमेरा उचलला. मी त्याच्या डाव्या बाजूला होते. त्याने डोळा लावला आणि बटण दाबायला लागला. थांबला. पुन्हा दाबलं. मग कॅमेरा खाली घेऊन मागच्या पडद्यावर बघितलं. मीही बघितलं. सगळे फोटो वाहून गेलेले होते, ओल्या चित्रावरून बोट फिरवावं तसे.

मला वाटलं लेन्सच खराब लागली. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे गेलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, विडी वळल्यासारखी. तो थांबवायचा प्रयत्न करत होता आणि ती थांबत नव्हती.

“घे,” त्याने कॅमेरा माझ्याकडे केला.

“मला नाही येत.”

“येतं. कोपर गुडघ्यावर टेक. श्वास अर्धा सोड आणि मग दाब.”

मी घेतला. चौकटीत गवत, मग ओढा, मग ती. कान, पाठीवरची गडद रेघ, पोटाशी धडपडणारी पिल्लं. श्वास अर्धा सोडला आणि दाबलं. पुन्हा दाबलं. ती चौकटीत लहान दिसत होती आणि मला आणखी जवळ हवी होती. त्या तालीच्या पुढे एक बाभळ होती. तिथपर्यंत वाकून जाता आलं असतं. मी उठायला लागले तर अण्णाने माझ्या पदराचं टोक धरलं.

“इथूनच,” तो अगदी हळू बोलला. “आपण आहोत हे तिला कळलं तर ती आज रात्रीत पिल्लं हलवेल. इतक्या लहान पिल्लांना तोंडात धरून उघड्या माळावरून न्यावं लागेल तिला. लहान दिसते तर लहान दिसू दे.”

मी बसले. थोड्या वेळाने ती पिल्लांना चाटून बाजूला झाली, तिने आमच्या दिशेने एकदा बघितलं आणि बिळाच्या तोंडाशी अंग टाकून दिलं. आम्ही आलो तसेच मागे सरकत निघालो.

स्कूटरपाशी आल्यावर मी विचारलं, हाताला काय झालंय. तो उडवून लावेल असं वाटलं होतं. पण त्याने सरळ सांगितलं. दिवाळीच्या आधी सुरू झालं. अशोक चौकातल्या एका लग्नात वरमालेचे सगळे फोटो हललेले आले. मुलीच्या वडिलांनी चार लोकांत सुनावलं. त्याने कॅमेऱ्यावर ढकललं, पैसे परत केले. पुढच्या लग्नात तेच. मग तो एकटाच डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्यांनी सावरेल, जिवाला धोका नाही, पण वाढत जाणार. एवढ्या लवकर सहसा होत नाही, तुम्हाला झालाय. त्याने पुढची लग्नं एकेक करून दुसऱ्यांना देऊन टाकली. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, ट्रायपॉड आहे, त्या लेन्समध्ये सावरायची सोयही आहे.

“ती सोय चांगल्या हाताच्या थोड्याशा हलण्यासाठी असते,” तो म्हणाला. “आणि मांडवात ट्रायपॉड कोण लावू देतं?”

“मग ही लेन्स घेतलीस कशाला?”

तो स्कूटरच्या सीटवरचं दव तळहाताने पुसत राहिला.

“माझ्यासाठी घ्यायची असती तर सहाशेची घेतली असती आणि ट्रायपॉडवर ठेवली असती,” तो म्हणाला. “ही तुझ्या हाताला बसली.”

मला दुकान आठवलं. हे धर, ते धर, खांद्यात दुखतं की मनगटात. एखाद्या मुलीचं अंग मापून तिला न सांगता कपडे शिवून ठेवावेत तसं त्याने केलं होतं. माझे डोळे भरून यायला हवे होते. पण मला आला तो राग. इतका की हेल्मेटचा पट्टा लावता येईना.

मी म्हटलं, मला कोणी विचारलं? शाळा संपली तेव्हा बी.कॉम. कर म्हणालास, केलं. भिवंडीचं स्थळ चांगलं आहे म्हणालास, गेले. आता तुझा हात चालत नाही म्हणून माझ्या हाताने फोटो काढायचे, हेही तूच ठरवलंस. दिवे विकलेस. वहिनी रोज रात्री उशीत तोंड घालून रडते, तिला सांगायचं सोडून पुण्याला मला लेन्स धरायला लावलीस!

मी इतकं कधी त्याला बोलले नव्हते. तो ऐकत होता. मध्येच तोडलं नाही, आवाज चढवला नाही.

“भिवंडीचं माझंच चुकलं,” एवढंच तो म्हणाला. “तेव्हा तुला विचारायला हवं होतं.”

घरी आल्यावर मी कॅमेऱ्याची पिशवी स्टुडिओतल्या कपाटात ठेवली आणि आठवडाभर तिकडे फिरकले नाही. कारखान्यात आकडे मांडताना मात्र मध्येच ती लांडगीण डोळ्यांपुढे यायची. तिचं ते सरळ रेषेत चालणं. मी काढलेले फोटो मी नीट बघितलेही नव्हते.

शनिवारी संध्याकाळी न राहवून मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. बरेच हललेले होते. काही गवतावरच जमलेले, लांडगीण पुसट. पण चार-पाच असे होते की मी खुर्चीत मागे टेकून बसले. ती लहानच दिसत होती, चौकटीच्या एका कोपऱ्यात. बाकी सगळं पिवळं गवत, आणि तिच्याभोवती तिची ती धडपडणारी पिल्लं. ती जवळ आली असती तर हे गवत दिसलं नसतं. हे मी काढलं होतं. अण्णाने कॅमेरा दिला, सांगितलं, सगळं खरं. पण श्वास अर्धा सोडून बोट दाबलं होतं ते मी.

अण्णा दारात येऊन उभा होता. आत येत नव्हता.

“तुला नको असेल तर हकीमभाई परत घेतील,” तो म्हणाला. “थोडं कमी देतील, पण घेतील. या वेळी तुलाच विचारतोय.”

मी म्हटलं, ठेवते. पण एका अटीवर. आज वहिनीला सगळं सांगायचं. मी नाही, तू.

त्याने दारातूनच पडद्यावरच्या लांडगिणीकडे बघितलं. मग स्टुडिओचं शटर ओढून घेतलं आणि जिन्याने वरच्या घरात गेला. मी खालीच बसून राहिले. वरून वहिनीच्या रडण्याचा आवाज येईल, भांडी आपटतील, असं मला वाटत होतं. काहीच आलं नाही. बऱ्याच वेळाने वहिनी खाली आली, मला जेवायला बोलावलं आणि जाता जाता विचारलं, उद्या त्या माळावर रिक्षा जाते का?

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओ मी चालवते. लग्नंही मीच काढते, सुरुवातीला बाई फोटोग्राफर म्हणून लोक बघत राहायचे, आता मुलीकडचे मुद्दाम मलाच बोलावतात. हंगाम नसेल तेव्हा माळावर असते. कोणी सध्या काय करतेस असं विचारलं तर उत्तर द्यायला वेळ लागत नाही. अण्णाचा हात गोळ्यांनी काही वर्षं बरा राहिला, मग नाही राहिला. तो काउंटरवर बसून माझे फोटो निवडून देतो आणि निवडताना दयामाया दाखवत नाही. ते बीळ कुठे आहे हे आम्ही कोणाला सांगितलं नाही. त्या मोसमात पिल्लं मोठी होऊन गेली, त्यातली किती जगली माहीत नाही.

पण मला वहिनीला सांगितल्याच्या दुसऱ्या दिवसाचा तो रविवार राहून राहून आठवतो.

शेजारच्या व्यंकटेशची रिक्षा ठरवून आम्ही तिघं गेलो. त्याला रस्त्यावरच थांबवलं. बिळाकडे जायचं नाही असं अण्णाने आधीच सांगितलं होतं. आठवड्यात दोनदा माणसांचा वास नको. म्हणून ओढ्याच्या पार अलीकडे, एका उंचवट्यावर वहिनीने चटई टाकली. ती पहिल्यांदाच माळ बघत होती. एवढंच? असं तिने विचारलं, आणि अण्णा हसला. दशम्या आणि शेंगाची चटणी झाली. ऊन चांगलं वर आलं. एक धाविक बराच वेळ आमच्यासमोर पळापळ करत होता, त्याचे मी फोटो काढले.

मग वहिनी म्हणाली, ह्यांचा एक काढ ना. घरात ह्यांचा एकही धड फोटो नाही.

मी कॅमेरा उचलला. चौकटीत नुसतं अण्णाचं नाक आणि चष्म्याची अर्धी काच. मी मागे सरकले. आता चेहरा बसला, पण खांदे नाहीत. अण्णा म्हणाला, अजून मागे जा, ह्या लेन्सला जवळचं माणूस बसत नाही, पूर्ण हवा असेल तर चांगलं लांब जावं लागेल. मग मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि उंचवट्यावरून खाली उतरून गवतातून चालत सुटले. मध्ये मध्ये वळून बघायची. अजून नाही. अजून थोडं. शेवटी एका ठिकाणी थांबून मी गुडघा टेकला.

एवढ्या लांबून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बहुतेक ती दोघं मला विसरली होती. वहिनी काहीतरी विचारत होती आणि अण्णा मान खाली घालून उत्तर देत होता. त्याचा उजवा हात चटईवर होता. वहिनीने तो उचलला, उलटा करून बघितला, जसा पोराचा हात कुठे लागलंय म्हणून बघतात, आणि आपल्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवला. अण्णाने तिच्याकडे बघितलं.

मी श्वास अर्धा सोडला.